चूक कोणाच्या नावे?

जमाखर्च लिहिणाऱ्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. बेरीज चुकली तर ती सापडते, कारण ताळा जुळत नाही. नोंद चुकीच्या खात्यावर पडली तर मात्र ताळा अगदी छान जुळतो. तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांची गोळाबेरीज, दोन्ही बाजूंनी सारखी येते, वर्ष सरतं, आणि एकाचा खर्च दुसराच कोणी निमूटपणे फेडत राहतो.

स्वतःचा व्यवसाय चालवणाऱ्या बाईच्या मनातला हिशेब पुष्कळदा असाच असतो. ऑर्डर हातची गेली, माझं बोलणं कमी पडलं. कर्ज नाकारलं, माझीच तयारी नव्हती. उधारी थकली, मला मेलीला मागताच येत नाही. घरात आजारपण निघालं आणि माल उशिरा गेला, माझं नियोजन चुकलं. सगळं सरसकट स्वतःच्या नावे. जुळतंय म्हटल्यावर संशय कशाला येतोय?

स्त्रीवादी विचार मनाच्या दुखण्याकडे वळतो तेव्हा आधी खातं तपासतो. बरं कसं वाटेल, हे नंतर. ही नोंद मुळात कोणाची, हे आधी. आरशासमोर उभं राहून ‘मी समर्थ आहे’ म्हणायला काही हरकत नाही, पण चोपडीला नवं कव्हर घातल्याने आतली खतावणी सुधारत नाही.

याची मुळं १९६७ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेल्या ‘न्यूयॉर्क रॅडिकल विमेन’सारख्या गटांत सापडतात. बायका एकत्र बसायच्या, एक प्रश्न घ्यायच्या आणि प्रत्येकीने त्यावर आपला अनुभव सांगायचा. पाचवी-सहावी बोलेपर्यंत लक्षात यायचं की जिला आपण आपला नाकर्तेपणा समजत होतो, ती गोष्ट प्रत्येकीच्या घरात आणि कामात तशीच्या तशी आहे. या बैठकांवर टीका झाली की हे कसलं राजकारण, हा तर मानसोपचार. त्याच गटातल्या कॅरल हॅनिश यांनी १९६९ मध्ये त्याला उत्तर लिहिलं. त्यांचा मुद्दा असा की उपचार म्हटलं की बिघाड त्या बाईतच आहे, हे आधीच ठरून जातं. पुढच्या वर्षी तो लेख ‘जे खाजगी ते राजकीय’ अशा अर्थाच्या मथळ्याखाली छापला गेला. मथळा संपादकांचा होता, हॅनिश यांचा नव्हता; आज मात्र जगाला तेवढाच ठाऊक आहे.

व्यवसायाच्या जगात हा मुद्दा अजून नीटसा झिरपलेला नाही. तिथे चलनात आहे तो दुसराच शब्द. पॉलीन क्लान्स आणि सुझान आइम्स या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये दीडशेहून जास्त कर्तबगार स्त्रियांच्या अनुभवावरून एक निरीक्षण मांडलं: पदव्या, पदं, मानसन्मान सगळं असूनही ‘आपण लोकांना फसवतोय, एक दिवस उघडे पडू’ ही धास्ती. त्यांनी त्याला ‘इम्पोस्टर फिनॉमिनन’ म्हटलं. ‘सिंड्रोम’ हे शेपूट नंतर चिकटलं, आणि शेपूट चिकटलं की माणूस आजारी ठरतो. समाजाच्या अपेक्षांचा यात हात आहे आणि गटात बसून बोलल्याने फरक पडतो, हेही त्या दोघींनी लिहिलं होतं. उद्योजकांसाठीच्या भाषणांतून नेमकं तेवढं गळतं.

धास्ती काही हवेतून येत नाही. डेना कान्झ आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात न्यूयॉर्कमधल्या एका स्टार्टअप स्पर्धेतली प्रश्नोत्तरं तपासली. पुरुष संस्थापकांना विचारलेल्या प्रश्नांपैकी ६७ टक्के प्रश्न वाढीचे होते: किती मोठे व्हाल, बाजार किती काबीज कराल. स्त्रियांना विचारलेल्यांपैकी ६६ टक्के सांभाळण्याचे: बुडणार तर नाही ना, आहेत ती गिऱ्हाइकं टिकवाल कशी. प्रश्न बचावाचा असला की माणूस उत्तरही बचावाचंच देतो, आणि बाहेर पडताना वाटतं, आज आपण जरा मिळमिळीतच बोललो. ही नोंद ‘माझा आत्मविश्वास’ या खात्यावर टाकायची? तोड त्याच अभ्यासात आहे. सांभाळण्याच्या प्रश्नाला वाढीचं उत्तर देणाऱ्यांना जास्त निधी मिळाला. म्हणजे सांभाळण्याबद्दल एक वाक्य, त्यापुढची दोन वाढीबद्दल. पाठ करून जावं. ऐनवेळी सुचत नाही.

आता वहीकडे. साधी वही घ्या आणि निदान १४ दिवस लिहा. दोष देणारं काही मनात उमटलं की तिथल्या तिथे तीनच गोष्टी टिपायच्या: तारीख, काय घडलं ते एका ओळीत, आणि मनातलं वाक्य जसंच्या तसं. ‘आत्मविश्वास कमी वाटला’ हा झाला अहवाल. वाक्य असं असतं: ‘तुला कोणी सांगितलं होतं हे सगळं करायला?’ बघा, यात ‘मी’ नाही, ‘तू’ आहे. निम्म्याहून अधिक वाक्यं अशी ‘तू’ने सुरू झालेली निघाली तर तो आवाज कोणाचा, हे समासात लिहून ठेवा. पुष्कळदा त्या माणसाने स्वतः कधी धंदा केलेला नसतो.

वाटणी मात्र त्याच वेळी करायची नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी करायची. रात्री, थकल्यावर, सगळंच आपलं वाटतं. प्रत्येक घटनेचे सोळा आणे धरायचे आणि तीन खात्यांत घालायचे: माझं, धंद्याचं, आणि रचनेचं, म्हणजे घराने-समाजाने आधीच ठरवून ठेवलेल्या चाकोरीचं.

एक नोंद जवळून पाहू. माल सहा दिवस उशिरा गेला, गिऱ्हाईक तुटलं. वहीतलं वाक्य: ‘तुला झेपत नाही.’ तपासल्यावर निघालं ते असं. कच्चा माल देणारा एकच, आणि तो चार दिवस उशिरा आला. तारीख कबूल करताना एकही दिवस हाताशी राखलेला नव्हता. घरात आजारपण होतं, दोन दिवस कोणीतरी थांबायला हवं होतं, आणि ते कोणी थांबायचं यावर चर्चासुद्धा झाली नाही, ठरलेलंच होतं. शिवाय उशीर होणार हे कळल्यावर गिऱ्हाइकाला दोन दिवस कळवलं नव्हतं. हे शेवटचं मात्र माझं: चार आणे. एकच पुरवठादार आणि शून्य राखीव दिवस हे धंद्याचं: सात आणे. न बोलता गळ्यात पडलेली शुश्रूषा हे रचनेचं: पाच आणे.

आकडे अदमासाचेच असतात. उपयोग असा की प्रत्येक हिश्श्याचा इलाज वेगळा निघतो. चार आण्यांचा इलाज: उशीर दिसला की २४ तासांत कळवायचं. सात आण्यांचा: दुसरा पुरवठादार आणि प्रत्येक कबुलीत तीन राखीव दिवस. पाच आण्यांचा: आजारपणात कोणी थांबायचं याची पाळी आधीच कागदावर, घरातल्या सगळ्यांदेखत. सोळाच्या सोळा आणे ‘तुला झेपत नाही’वर घातले असते, तर इलाज एकच उरला असता, आणखी राबायचं. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१८ च्या अहवालानुसार जगभरात सांभाळण्या-निगा राखण्याच्या बिनपगारी कामाचे ७६.२ टक्के तास बायकांचे असतात. ‘माझं वेळेचं गणित चुकतं’ म्हणण्याआधी हा आकडा आठवावा.

वही बिघडते ती दोन-तीन ठरावीक ठिकाणी. पहिल्या आठवड्यात सगळं ‘माझं’ खात्यात पडतं. हरकत नाही, सवयच आहे. तिसऱ्या आठवड्याला उलटं होतं, सगळं रचनेवर जातं. त्याने क्षणभर मोकळं वाटतं, पण सोळा आणे रचनेचे म्हटले की आपल्या हाती करण्यासारखं काहीच उरत नाही, आणि मग हतबलता येते, ती अपराधीपणापेक्षा बरी असं काही नाही. ‘माझं’ हे खातं रिकामं दिसायला लागलं तर शंका घ्या. आणि सगळ्यांत जास्त विसरली जाते ती जमेची बाजू. मोठं काम मिळालं की वहीत ‘नशीब’ लिहिलं जातं. त्याचेही सोळा आणे वाटा. स्वतःकडे किती येतात ते बघून बऱ्याच जणींना धक्का बसतो.

आता पैसा, कारण स्वतःचा स्वीकार हा विषय व्यवसायात शेवटी दरपत्रकावरच येऊन थांबतो. १९७२ मध्ये सुरू झालेल्या ‘घरकामाला वेतन’ या आंतरराष्ट्रीय मोहिमेचा युक्तिवाद होता की वेतन मागितल्याशिवाय ते काम आहे हेच कोणाला दिसत नाही. हाच युक्तिवाद आपल्याच फर्मला लावून बघावा. मालकिणीचा पगार खर्चात धरलेला नसेल तर माल फायद्यात दिसतो, कारण एका माणसाची मजुरी फुकट आहे. महिन्याच्या पहिल्या तारखेला, उरलं तर नव्हे, आधी, एक ठरलेली रक्कम वेगळ्या खात्यात वळवावी. लहान असली तरी चालेल, चुकता कामा नये. एखाद्या महिन्यात देणं अशक्यच असेल तर आपल्या अंतर्गत हिशेबात ती ‘देणे’ म्हणून लिहावी. कायदेशीर हिशेबात ती कशी दाखवायची ते लेखापालाला विचारून. बारा महिन्यांनी त्या ‘देणे’ची बेरीज म्हणजे धंद्याने तुमच्याकडून बिनव्याजी उचललेलं कर्ज.

दर ठरवतानाही एक हुकमी चूक होते. वर्षाचे ५२ आठवडे गुणिले ४० तास, म्हणजे २०८० तास, आणि हव्या असलेल्या उत्पन्नाला त्याने भागायचं. प्रत्यक्षात सुट्ट्या आणि आजारपणं वजा करून ४६ आठवडे धरा: १८४० तास. त्यातले ४० टक्के कोटेशन, फोन, हिशेब, वसुली यांत जातात. बिल होणारे उरतात ११०४. म्हणजे २०८० ने भागलेला दर हव्या त्या दराच्या निम्म्याहून थोडाच वर येतो. घरच्या जबाबदारीमुळे आठवड्याला २८च तास मिळत असतील तर याच हिशेबाने बिलाचे तास सुमारे ७७३. ‘मी इतकं राबते तरी पैसा का दिसत नाही’ याचं उत्तर कित्येकदा या भागाकारात असतं, स्वभावात नसतं.

दर बरोबर निघाला तरी तो उच्चारणं बाकी असतं. कोटेशनच्या मेलमध्ये आकडा असतो आणि आकड्याखाली एक ओळ असते: ‘अर्थात, तुमच्या बजेटप्रमाणे कमी-जास्त करता येईल.’ समोरच्याने काहीही मागितलेलं नाही, आणि सूट दिली गेली आहे. तीन महिन्यांची जुनी कोटेशनं काढा आणि मागितलेली सूट व न मागता दिलेली सूट वेगळी मोजा. दुसरा आकडा मोठा असेल तर ती ओळ खोडण्याचा सराव करावा लागेल, आणि तो सराव तोंडाने करावा लागतो. आकडा मोठ्याने म्हणायचा, मग मनात पाच अंक मोजायचे, तोंड बंद. पाचपर्यंतची ती शांतता भयंकर असते. ती आपण भरून काढायला धावतो, कारण समोरच्याला अवघडू द्यायचं नाही ही शिकवण लहानपणापासून अंगात मुरलेली असते.

या अवघडू न देण्यालाही श्रम पडतात. आर्ली हॉक्शिल्ड या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ मध्ये त्याला ‘भावनिक श्रम’ हे नाव दिलं. त्यांनी अभ्यासायला दोन पेशे निवडले होते: हसतमुख राहण्यासाठी पगार घेणाऱ्या हवाई सुंदरी, आणि करडेपणासाठी पगार घेणारे थकबाकी वसूल करणारे. छोट्या व्यवसायाची मालकीण सकाळी पहिली असते आणि दुपारी दुसरी, कधीकधी एकाच गिऱ्हाइकाशी. तेव्हा संध्याकाळी अंगातलं त्राण जातं त्यात नवल नाही. यावर ध्यानधारणेपेक्षा वेळापत्रक जास्त उपयोगी पडतं. वसुलीला आठवड्यातला एकच दिवस ठेवा, त्या दिवशी नव्या गिऱ्हाइकाची भेट नको. तगाद्याच्या तारखा आधीच ठरवा: मुदत संपल्यावर ३, १० आणि २१ व्या दिवशी, पहिले दोन लेखी, तिसरा फोनवर. मजकूर शांत डोक्याने एकदाच लिहून ठेवा: बिल क्रमांक, रक्कम, मुदत संपून किती दिवस झाले, आणि ‘पैसे कोणत्या तारखेला येतील ते कळवावे’. त्यात ‘सॉरी, त्रास देतेय’ नको. आपलेच पैसे मागताना माफी मागितली की समोरच्याला समजतं, ही थांबू शकते.

एकटीच्या वहीला मर्यादा आहेत, कारण एकीच्या अनुभवातून रचना दिसत नाही. सहा जणी जमवा, थेट स्पर्धेत नसलेल्या. नव्वद मिनिटांची बैठक, पंधरवड्यातून एकदा, अशा आठ. प्रत्येक वेळी एकच प्रश्न: शेवटची न मागता दिलेली सूट कोणाला दिली आणि का? घड्याळ लावून प्रत्येकीला आठ मिनिटं, मध्ये कोणी बोलायचं नाही, सल्ला तर नाहीच. ही झाली ४८ मिनिटं. मग पंचवीस मिनिटं फक्त सारखेपणा शोधायचा: कोणतं वाक्य तीन किंवा अधिक जणींकडे आलं? उरलेल्या वेळात एक ठराव, पुढच्या पंधरवड्यात सगळ्यांनी करायचा.

मोडतं कुठे, तर आठ मिनिटांच्या नियमापाशी. ‘आपल्यात कसले नियम’ म्हणून घड्याळ गेलं की जिचा आवाज मोठा तिची बैठक होते. स्त्रीवादी लेखिका जो फ्रीमन यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीलाच स्त्री-चळवळीतल्या गटांबद्दल हे बजावलं होतं: गटाला उघड रचना नसली तर छुपी तयार होते, आणि छुप्या रचनेतल्या सत्तेला कोणी जाब विचारू शकत नाही. दुसरा धोका म्हणजे बैठकीचं व्हिजिटिंग कार्डं वाटायचं ठिकाण होतं. कामं एकमेकींना जरूर द्यावीत, पण नव्वद मिनिटं संपल्यावर.

मालकिणीच्या बाबतीत एक गाठ आहे आणि ती सोडवल्याशिवाय पुढे जाणं अप्रामाणिक ठरेल. नोकरदार बाई व्यवस्थेखाली असते. मालकीण खालीही असते आणि कोणाच्या तरी वरही. तुमच्या विश्रांतीचे तास कोण भरतं? रविवारी फोन बंद ठेवायला शिकलात, छान, पण तो फोन आता मदतनीस मुलीकडे वाजत असेल आणि तिला त्या दिवसाचे पैसे मिळत नसतील, तर दुखणं बरं झालेलं नाही, खाली सरकवलं गेलंय. ‘आम्ही सगळे एक कुटुंब आहोत’ हे वाक्य जिथे वारंवार ऐकू येतं तिथे ओव्हरटाइमचं रजिस्टर बघावं. कुटुंबात ओव्हरटाइम नसतो, हीच तर मूळ तक्रार होती. म्हणून वहीला तीन खात्यांखेरीज एक चौथं पान जोडावं: या महिन्यात माझ्या नावे पडायला हवी होती अशी कोणती गोष्ट दुसरीच्या नावे पडली? हे पान लिहिताना कोणालाच छान वाटत नाही.

स्वतःचा स्वीकार म्हणजे स्वतःला पाठीशी घालणं असा संशय कष्टाळू बायकांना फार असतो. मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिन नेफ यांनी २००३ मध्ये स्वतःबद्दलच्या करुणेची तीन अंगं मांडली: स्वतःशी ममतेने वागणं, हे माणसांच्या वाट्याला येतंच याची जाणीव, आणि जे आहे ते न फुगवता न लपवता बघणं. व्यवसायात क्रम उलटा ठेवावा, म्हणजे डोक्याला पटतं. आधी वस्तुस्थिती आकड्यासह: ‘तीन मोठ्या गिऱ्हाइकांपैकी एक गेलं, उत्पन्न एक चतुर्थांश घटलं.’ मग, हे इतरांचंही होतं. ममता शेवटी, आणि तीही मैत्रिणीला बोलाल त्या शब्दांत, साखर न घालता. पंधरा मिनिटं पुरतात. ममतेपासून सुरुवात केली की मन म्हणतं, उगाच लाड.

शरीराचं थोडक्यात. जागतिक आरोग्य संघटनेने बर्नआउटला, म्हणजे कामाच्या ताणाने पार गळून जाण्याला, कामाशी निगडित स्थिती म्हटलंय, आजार म्हटलेलं नाही; पण रक्तक्षय आणि थायरॉइडची कमतरता यांतही असाच थकवा येतो, तेव्हा वही उघडण्याआधी रक्त तपासून घ्यावं. दोन आठवडे सलग उदास, कशातच रस नाही, झोप उडालेली असेल तर डॉक्टर. जगणं नको असे विचार आले तर त्याच दिवशी, कोणाला तरी सोबत घेऊन.

राहता राहिल्या त्या नोंदी, ज्या कुठेच बसत नाहीत. कर्ज नाकारलं ते आराखडा कच्चा होता म्हणून, की समोर बाई बसली होती म्हणून? भागीदार निघून गेला ते माझ्या हट्टापायी, की हुकूम देणारी बाई त्याला सोसली नाही? पुरावा नाही आणि मिळणारही नाही. अशा रकमांसाठी हिशेबात एक जुनी सोय आहे, उचंत खातं. कोणाचं ते ठरेपर्यंत रक्कम तिथे राहते, आणि कोणीही घाईने ती कुठल्यातरी नावावर ढकलत नाही. वहीची शेवटची दोन पानं उचंतसाठी कोरी ठेवा. दर तीन महिन्यांनी ती उघडायची. काही नोंदी तोवर आपोआप जागेवर गेलेल्या असतात: त्याच आराखड्यावर दुसरीकडून कर्ज मिळालेलं असतं, किंवा दुसरा भागीदारही त्याच कारणावरून भांडून गेलेला असतो. काही तशाच असतात. त्यांच्यापुढे तारीख टाकायची आणि त्या पुढच्या तिमाहीत ओढायच्या.